किसलेव शोधायला गेले आणि हाती काहीच लागेना – डिजिटल बायबल लायब्ररीत हिब्रू महिने कसे शोधता?

शेवंती_नगर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या चर्चमधे दर शुक्रवारी बायकांचा बायबल अभ्यास असतो, यंदा नहेम्याचं पुस्तक घेतलंय. पहिल्याच वचनात "किसलेव महिन्यात" असं आहे. एका काकूंनी विचारलं, किसलेव म्हणजे आपला कुठला गं महिना? मी आपली ऐटीत म्हटलं पुढच्या शुक्रवारी सांगते, फोनमधे आख्खी लायब्ररी आहे माझ्या. कोश आहेत, टीकाग्रंथ आहेत, पाच-सहा भाषांतरं आहेत, सगळं फुकट उतरवलेलं.

घरी येऊन शोधायला बसले तर काय, मराठीत टाकलं की एकच वचन येतंय. इंग्रजीत 'के'ने सुरू होणारं स्पेलिंग टाकलं तर एका भाषांतरात दोन वचनं, दुसऱ्यात शून्य. किंग जेम्समधे (ते जुनं इंग्रजी भाषांतर) कुठल्याच स्पेलिंगने नाही. मग म्हटलं बाकीचे महिने तरी बघू, तर तिश्री शून्य, इय्यार शून्य, आणि 'आव' महिना इंग्रजी दोन अक्षरांत टाकला तर अब्राहामापासून अबशालोमापर्यंत सगळं खानदान हजर. तम्मूज टाकला तर बायका रडतायत असं एक वचन आलं, त्यात महिन्याचा पत्ताच नाही!

माझं शोधणं चुकतंय, ॲप गंडलंय, की हे महिने बायबलमधे नाहीतच? शुक्रवारच्या आत उत्तर हवंय, अब्रूचा प्रश्न आहे.

तात्पुरता

ताई एवढं कशाला, चॅटबॉटला विचारा ना. मी आत्ता विचारलं, तो म्हणतो तिश्री महिना लेवीय २३ मधे आहे. झालं काम.

यंत्रमानव

@तात्पुरता, लेवीय २३ उघडून बघितलंत का? तिथे "सातव्या महिन्यात" आहे. तिश्री हा शब्द त्या अध्यायात नाही, आख्ख्या हिब्रू बायबलमधे नाही.

@शेवंती ताई, तुमचं चुकत नाहीये आणि ॲपही बहुतेक ठीक आहे. नावाने शोधणं हाच घोळ आहे. एकाच हिब्रू शब्दाला प्रत्येक भाषांतराने आपापलं स्पेलिंग दिलंय. किसलेव कुठे 'के'ने, कुठे 'सीएच'ने, आणि किंग जेम्सवाल्यांनी तर शेवटी 'व्ही'च्या जागी 'यू' घालून त्याचं 'किस्ल्यू' करून टाकलंय. झिव महिन्याचं त्यांनी झिफ केलं, शबाटचं सेबात. मग तुम्ही एक स्पेलिंग घेऊन सगळ्या लायब्ररीत फिरलात तर अर्धी दारं बंदच मिळणार.

उपाय जुना आहे, स्ट्राँगचे नंबर. जेम्स स्ट्राँग नावाच्या माणसाने १८९० साली किंग जेम्सची शब्दसूची छापली आणि त्यात प्रत्येक हिब्रू शब्दाला एक नंबर दिला, एकूण ८६७४. तेच नंबर आज जवळजवळ सगळ्या बायबल सॉफ्टवेअरमधे आहेत. किसलेव आहे एच ३६९१ (एच म्हणजे हिब्रू). हा नंबर शोधलात की भाषांतर काही का असेना, तो शब्द जिथे आहे तिथे तुम्ही पोचणार. बाकीचे पण देऊन ठेवतो: निसान एच ५२१२, सिवान एच ५५१०, एलुल एच ४३५, तेबेथ एच २८८७, शबाट एच ७६२७, अदार एच १४३.

फोनवर अँडबायबल चालतं, कॉम्प्युटरवर केंब्रिजच्या टिंडेल हाऊसचं स्टेप बायबल ब्राउझरमधेच उघडतं, दोन्ही फुकट. फक्त भाषांतर नंबरवालं निवडा, साध्या मोड्यूलमधे नंबर नसतातच आणि मग परत शून्य येतं आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर भिकार.

शेवंती_नगर

केलं! एच ३६९१, दोन वचनं. नहेम्या १:१ आणि जखऱ्या ७:१. पण मग मराठीत एकच का आलं?

यंत्रमानव

जखऱ्यात वेगळं लिहिलं असेल. मराठी बायबलमधे नावं ठरलेली नाहीत. नीसान / निसान, किसलेव / किस्लेव, शबाट / शबात, आणि र्‍हस्व-दीर्घ बदललं की कॉम्प्युटरला तो वेगळाच शब्द. वर आपले प्रत्यय चिकटतात. 'पूर्ण शब्द जुळवा' ही खूण काढून टाका आणि 'किस' एवढंच टाका. हो, त्यात 'किस' असलेले भलतेच शब्दही येऊ शकतात, चाळून घ्या.

गंमत म्हणजे हिब्रूतही हीच भानगड आहे. 'मध्ये' साठीचं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला जोडून लिहितात, आपल्याकडे शेवटी लागतं तसं. जखऱ्या ७:१ मधे म्हणूनच नुसतं किसलेव नाहीये, 'बखिस्लेव' आहे, एका शब्दात. कुणी हिब्रू टायपून पूर्ण शब्द जुळवायला गेला तर दोनातलं एक वचन निसटलंच. वर ती स्वरचिन्हं आणि गायनाच्या खुणा, एखाद्या वेबपेजवरून खुणांसकट कॉपी करून शोधपेटीत टाकलं की बऱ्याच ठिकाणी काही म्हणजे काही येत नाही. आधी खुणा पुसायच्या, मग शोधायचं.

जुनी_चावी

यंत्रमानव, नंबरांची माहिती चांगली दिलीत, पण एक खड्डा सांगायचा राहिला. अदार. एच १४३ शोधलंत तर एस्तेरमधली आठ वचनं मिळतील आणि तुम्हाला वाटेल संपलं. नववं वचन एज्रा ६:१५ मधे आहे, मंदिर बांधून पुरं झालं तो दिवस, अदार महिन्याची तीन तारीख, इराणी राजा दारयावेशाचं सहावं वर्ष. पण एज्राचा तो भाग हिब्रूत नाही, अरामीत आहे, आणि अरामी शब्दांना स्ट्राँगने वेगळे नंबर दिले. तिथला अदार एच १४४. एका नंबराचा फरक, आणि मंदिराचं आख्खं वचन गायब. मी शिकत असताना यावर शिव्या खाल्ल्यात म्हणून लक्षात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. शेवंती, बाळा, सगळे महिने बायबलमधे नाहीतच. बाबेलहून (म्हणजे बॅबिलोनहून) आलेल्या बारा नावांपैकी सातच हिब्रू बायबलमधे सापडतात: निसान, सिवान, एलुल, किसलेव, तेबेथ, शबाट, अदार. इय्यार, तम्मूज, आव, तिश्री, मार्हेश्वान ही पाच नाहीत. तुला जो तम्मूज मिळाला तो यहेज्केल ८:१४, तो बाबेली देव आहे, त्याच्यासाठी बायका शोक करतायत. महिन्याला नाव त्याच्यावरूनच पडलं पण त्या वचनात महिना नाही.

त्याआधीची कनानी नावं चार आहेत. अबीब, झिव, एथानीम, बूल. शलमोनाने मंदिराला सुरुवात केली झिवमधे, पुरं झालं बूलमधे, अर्पण केलं एथानीममधे, हे सगळं १ राजे ६ आणि ८ मधे. सीदोनच्या एश्मूनअझर राजाची शवपेटी आहे, १८५५ मधे सापडली, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ठेवलीय, तिच्यावरचा लेख सुरूच होतो "बूल महिन्यात" असा. म्हणजे ही नावं शेजाऱ्यांबरोबर सामाईक होती.

सगळी मिळून किती वचनं होतात माहितीये? सातांची सोळा, चारांची आठ. चोवीस. एवढ्या मोठ्या ग्रंथात महिन्याचं नाव फक्त चोवीस वचनांत आहे. बाकी सगळीकडे आकडा. पहिला महिना, सातवा महिना, दहावा महिना. तेव्हा तू नुसतं नाव शोधतेस तोवर तुला त्या महिन्याचे बरेचसे उल्लेख मिळतच नाहीत.

उदाहरण म्हणून तुझाच किसलेव घे. तो नववा महिना, जखऱ्या स्वतःच सांगतो "नवव्या महिन्याच्या, म्हणजे किसलेवच्या, चौथ्या दिवशी". आता 'नववा महिना' शोध. यिर्मया ३६ मिळेल, राजा हिवाळ्याच्या महालात बसलाय, समोर शेगडी पेटलीय, आणि यिर्मयाची गुंडाळी वाचली जाते तसतशी तो चाकूने कापून त्या आगीत टाकतोय. एज्रा १० मिळेल, सगळे लोक मंदिरासमोरच्या चौकात बसलेत आणि पावसाने कुडकुडतायत. ह्या दोन्ही ठिकाणी किसलेव हा शब्द नाही. पण किसलेव कसा असतो हे तुझ्या काकूंना सांगायचं तर हीच दोन वचनं लागतील.

हरभरा

वा काका! हे असं शिकवणारं कोणी भेटलं असतं तर आम्हीपण रविवारची शाळा बुडवली नसती.

शेवंती_नगर

काका _/\_ शेगडीवालं तर डोक्यातच नव्हतं. पण 'नववा महिना' टाकलं तर "महिन्याच्या नवव्या दिवशी" पण येतंय, ते कसं गाळायचं?

यंत्रमानव

अवतरण चिन्हात टाका, दोन्ही शब्द त्याच क्रमाने लागून आले पाहिजेत असं. मराठीत मात्र 'नवव्या महिन्याच्या', 'नवव्या महिन्यात', 'नवव्या महिन्याचा' अशी तीनचार रूपं करून बघा, म्हणजे 'नवव्या महिन्या' इथवर टाकून थांबा.

हिब्रूत करायचं तर महिना हा शब्द एच २३२०, खोदेश. पण हा पावणेतीनशेच्या आसपास वेळा येतो आणि त्याचा अर्थ महिना पण आहे आणि चंद्रदर्शनाचा दिवस पण. दाविद योनाथानाला म्हणतो उद्या चंद्रदर्शन आहे, मला राजाबरोबर जेवायला बसावं लागेल, तिथेही हाच शब्द. म्हणून एकटा शोधू नका, संख्येच्या शब्दाबरोबर जोडून शोधा. महिन्यासाठी दुसरा जुना शब्द आहे येराख, एच ३३९१, तो जेमतेम डझनभर वेळा येतो. शलमोनाच्या मंदिराच्या त्या उताऱ्यात झिव, एथानीम, बूल तिघांच्या आधी तो एकेकदा आहे. चंद्राला हिब्रूत यारेआख, त्याचाच भाऊ.

जुनी_चावी

येराखवरून आठवलं, गेझेरची पाटी. १९०८ मधे मॅकॅलिस्टर नावाच्या उत्खननवाल्याला मिळाली, हाताच्या तळव्याएवढा चुनखडीचा तुकडा, इ.स.पू. दहाव्या शतकातला, आता इस्तंबूलच्या संग्रहालयात. त्यावर वर्षभराचे महिने लिहिलेत पण एकालाही नाव नाही. दोन महिने सुगी गोळा करायची, दोन महिने पेरणीचे, दोन उशिरा पेरणीचे, एक जवस कापायचा, एक सातू कापायचा, असं चाललंय. महिना शेतातल्या कामावरून ओळखायचा.

आणि आकडा शोधतानाही एक गंमत आहे, २ राजे २५:३. यरुशलेमला वेढा, दुष्काळ, भाकर संपली. इंग्रजीत मराठीत "चौथ्या महिन्याच्या नवव्या दिवशी" सापडेल. मूळ हिब्रूत 'चौथ्या' शब्दच नाही! नुसतं "महिन्याच्या नवव्या दिवशी". किंग जेम्सने तो शब्द तिरक्या ठशात छापलाय, म्हणजे आम्ही भर घातली अशी कबुली. यिर्मया ५२:६ मधे हीच हकिकत महिन्यासकट आहे, तिथून उचलला. म्हणून नुसत्या हिब्रूवर विसंबलात तर हे वचन सुटतं आणि नुसत्या भाषांतरावर विसंबलात तर वरची सुटतात.

तात्पुरता

म्हणजे शोधायचं कशात ते सांगा ना एकदा काय ते. दोन्हीत सुटतंय म्हणताय.

जुनी_चावी

दोन्हीत शोधायचं. शॉर्टकट नाही.

हरभरा

मी शेतकरी माणूस, माझा प्रश्न जरा वेगळा. हे अबीब म्हणजे काय? आमच्या घरच्या जुन्या बायबलमधे निर्गममधे अबीब महिन्यात मिसरातून निघाले असं आहे. नावाला अर्थ आहे का आपल्या चैत्र वैशाखासारखा?

जुनी_चावी

तुला हा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळेल. अबीब म्हणजे निसवून दाणा भरत आलेलं पण अजून हिरवं असलेलं कणीस. निर्गम ९:३१, गारांनी मिसरातला सातू झोडपला कारण तो 'अबीब' होता. लेवीय २:१४, पहिल्या पिकाचं अर्पण आणशील तेव्हा 'अबीब' विस्तवावर भाजून आण.

हरभरा

काका हा तर हुरडा!!!

आमच्याकडे ज्वारीचा होतो आणि थंडीत होतो, तिकडे सातवाचा आणि मार्च-एप्रिलात, पण अवस्था तीच, दूध आटून दाणा जरा घट्ट झालाय आणि कणीस अजून हिरवंय. त्याच्या पुढे चार दिवस गेले तर भाजून मजा नाही. म्हणजे ह्यांच्या महिन्याचं नाव हुरडा महिना. आता मला निर्गम समजलं.

जुनी_चावी

बरोबर पकडलंस. हाच महिना पुढे निसान झाला. आणि शोधणाऱ्यांसाठी: ह्या शब्दाचा नंबर एच २४, महिना असो की कणीस, नंबर एकच, म्हणून निकालात दोन्ही मिसळून येतात. यहेज्केल ३:१५ मधलं तेल-अबीब हे गाव मात्र वेगळ्या नंबरावर आहे.

पंचांगवाला

थोडा उशिरा आलो धाग्यावर. शेवंतीताईंच्या काकूंचा मूळ प्रश्न होता की आपला कुठला महिना, त्याचं उत्तर कोणीच दिलं नाही :)

किसलेव साधारण मार्गशीर्ष. साधारण म्हणतोय ते मुद्दाम. दोन्ही पंचांगं चांद्र-सौर आहेत, दोघांचा महिना अमावस्येनंतर सुरू होतो (आपला महाराष्ट्रातला अमान्त, उत्तरेकडचा पौर्णिमान्त नव्हे, ते फार महत्त्वाचं) आणि दोघांना अधिक महिना घालावा लागतो. २०२५ मधे किसलेव आणि मार्गशीर्ष दोन्ही २१ नोव्हेंबरलाच लागले. पण २०२३ मधे किसलेव लागला १४ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, म्हणजे कार्तिकात. कारण त्या वर्षी आपला अधिक श्रावण होऊन गेला होता आणि त्यांचा अधिक यायचा होता.

त्यांची पद्धत ठोकळेबाज आहे, १९ वर्षांत ७ वेळा आणि दर वेळी अदारच दुप्पट. आपला अधिक संक्रांत कुठल्या महिन्यात पडत नाही त्यावर ठरतो म्हणून फिरता. पण एक गोष्ट अगदी सारखी: दोन अदार आले की पहिला जादाचा, पुरीम (एस्तेरच्या गोष्टीचा सण) दुसऱ्यात. आपलंही तेच, अधिक आधी, सण निज महिन्यात.

तक्ता मागू नका, तक्त्यानेच लोक फसतात. बायबल कोशांच्या मागे "किसलेव = नोव्हेंबर-डिसेंबर" छापलेलं असतं तेवढं धरा.

नवगावचा_नातू

इस्राएलातल्या अश्दोदहून नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी, आजोळ अलिबागजवळ, आता इकडे तिसरी पिढी पण घरात मराठीच.

पंचांगवाले साहेब, तुमचं हे गणित आमच्या आज्यांना केव्हाच माहीत होतं. आमच्याकडे पुरीमला होळीचा सण म्हणायचे! १४ अदार आणि फाल्गुन पौर्णिमा शेजारी शेजारीच. २०२४ ला तर २४ मार्चला इकडे पुरीम चालू आणि तिकडे होळी पेटलेली. आणि २०२१ ला इकडे फेब्रुवारीत होऊन गेला, तिकडे होळी २८ मार्चला, तो तुमचा अधिक महिन्याचा फरक.

कोकणात आमच्या लोकांच्या सणांच्या नावात हिब्रू महिना कुठेच नाही. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, यहुदी नववर्ष, मग थोड्या दिवसांनी खिरीचा सण, मग दारफळणीचा सण म्हणजे योम किपूर, प्रायश्चित्ताचा दिवस, दारं लावून घरात बसायचं. वल्हांडणाला अनशी धाकाचा सण, आंबट ठेवायचं भांडं झाकून टाकायचं म्हणून. आणि आव महिन्याचा नववा, मंदिर पडल्याचा उपास, त्याला बिरड्याचा रोजा. वालाचं बिरडं! तुमच्या लायब्ररीत तिशा बआव कितीही शोधा, आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती कसलं आव, बिरड्याचा रोजा म्हण.

वसईची_वेल

कोण म्हणालं बिरडं? भूक लागली.

एक भर घालते. आम्ही कॅथलिक, आमच्या बायबलमधे मक्काबींची पुस्तकं आहेत, ज्यांच्या ॲपमधे ती नसतात त्यांना तिथला किसलेव मिळणारच नाही. १ मक्काबी ४:५२, नवव्या महिन्याचा म्हणजे किसलेवचा पंचविसावा दिवस, वेदी पुन्हा अर्पण केली, यहुद्यांचा हनुक्का सण तिथूनच. त्याच पुस्तकात एलुल, शबाट, अदार पण आहेत. स्ट्राँगचे नंबर ह्या पुस्तकांना चालत नाहीत, स्ट्राँगने ती घेतलीच नव्हती. आणि २ मक्काबीत ११ व्या अध्यायात पत्रांवर ग्रीक महिने आहेत, झान्थिकस वगैरे, ते बघून मी पहिल्यांदा चक्रावलेच होते.

जुनी_चावी

वसईताईंनी बरं आठवण करून दिली. लायब्ररीत योसेफस, म्हणजे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार, असेल (बहुतेक फुकट संचांत असतोच) तर त्यात मासेदोनी नावं शोधा. निसानला तो झान्थिकस म्हणतो, किसलेवला अपेल्लायोस, आवला लोऊस. कधी कधी दोन्ही देतो. जलप्रलय दुसऱ्या महिन्यात झाला ते सांगताना म्हणतो, मासेदोनी लोक ह्याला दिऑस म्हणतात आणि इब्री लोक मार्सुआने. हे आपलं मार्हेश्वान. मंदिर जळालं ती तारीख मात्र नुसती लोऊसची दहा दिलीय, 'आव' शोधणाऱ्याला ती सापडायची नाही.

मार्हेश्वान बायबलमधे नाही पण म्हणून तेव्हा नव्हता असं समजू नका. नाईलमधल्या एलेफंटाईन बेटावरच्या यहुद्यांनी आपलं मंदिर पाडल्याची तक्रार यहूदाच्या सुभेदाराला पाठवली, इ.स.पू. ४०७, त्या पत्राखाली तारीख आहे २० मार्हेश्वान, दारयावेशाचं (दुसऱ्याचं, एज्रातला तो नव्हे) १७ वं वर्ष. आणि त्या नावाचा मूळ बाबेली अर्थ? आठवा महिना. शेवटी आकडाच!

यरुशलेमी तालमूदात (रब्बींच्या जुन्या चर्चांचा ग्रंथ) रोश हशाना प्रकरणात सरळ म्हटलंय की महिन्यांची नावं आमच्याबरोबर बाबेलहून आली. सेफारिया नावाच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतं.

तात्पुरता

माफी मागतो, चॅटबॉटचं वाक्य मागे घेतो. पण एक खरा प्रश्न आहे. नहेम्या १:१ मधे किसलेव, विसावं वर्ष. २:१ मधे निसान, राजाचं विसावंच वर्ष. निसान पहिला महिना ना? मग किसलेवनंतर निसान आला तर वर्ष एकविसावं व्हायला पाहिजे. की नहेम्या मागे गेला?

जुनी_चावी

शाब्बास! हा प्रश्न तालमूदातल्या रब्बींनाही पडला होता. बाबेली तालमूद, रोश हशाना ३, तिथे हीच दोन वचनं समोरासमोर ठेवलीत. त्यांचं उत्तर असं की इस्राएलच्या राजांची वर्षं निसानपासून मोजायची पण परक्या राजांची तिश्रीपासून. तिश्री ते तिश्री धरलं की किसलेव आधी आणि निसान नंतर, दोन्ही विसाव्याच वर्षात बसतात. आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिलपासून आणि गुढीपाडवा वेगळा आणि १ जानेवारी वेगळा, तसं. मिश्नात (तालमूदाचा मूळ गाभा) तर चार नवी वर्षं सांगितलीत.

अर्थात काही अभ्यासकांना हे पटत नाही, ते म्हणतात नकलताना १:१ मधे गडबड झाली असेल. मला स्वतःला तिश्रीचं उत्तर बरं वाटतं.

नवगावचा_नातू

त्या चारांतलं एक शबाटमधे, झाडांचं नवं वर्ष, १५ शबाट. त्या दिवशी आमच्यात एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, उरूस, अलिबागजवळ खडकावर त्याच्या रथाची खूण आहे म्हणतात तिथे. मलिदा करतात. असो, अवांतर झालं.

यंत्रमानव

अवांतर नाही, शबाट बायबलमधे एकदाच येतो, जखऱ्या १:७. आणि तो एकदाही न्यू लिव्हिंग ट्रान्सलेशन या इंग्रजी भाषांतरात वाचलात तर मजकुरात सरळ १५ फेब्रुवारी लिहिलंय. एज्रा ६:१५ मधे अदारऐवजी १२ मार्च. वाचायला सोपं, शोधायला मात्र वैताग. म्हणून शोधायचं भाषांतर वेगळं ठेवा आणि वाचायचं वेगळं.

शेवंती_नगर

शुक्रवार पार पडला, रिपोर्ट देते.

काकूंना सांगितलं, साधारण मार्गशीर्ष, आणि यिर्मयाची शेगडी वाचून दाखवली, एज्रातला पाऊस वाचून दाखवला. एक जण म्हणाली मग नहेम्याने किसलेव ते निसान म्हणजे ऐन थंडीपासून हुरड्यापर्यंत चार महिने प्रार्थना केली आणि मग राजासमोर तोंड उघडलं. मी हे कुठे लिहून नेलं नव्हतं, तिचं तिनेच काढलं. मग एलुलवर गेलो, ६:१५, पंचवीस एलुल, बावन्न दिवसांत भिंत पूर्ण, तर बोटं मोजून मोजून सगळ्यांनी काम आवच्या सुरुवातीला लागलं असणार असं काढलं. आव शब्द पुस्तकात नसताना!

आता काका, एक तक्रार. तुम्ही चोवीस वचनं म्हणालात. मी रात्री बसून सगळे नंबर एकेक करून टाकले, १४४ सुद्धा विसरले नाही. आधी आले सत्तावीस. मग कळलं एस्तेर ३:७ मधे निसान आणि अदार दोन्ही आहेत म्हणून मी ते दोनदा धरलं होतं. तरी उरले सव्वीस. दोन जास्त. कुठे चुकतंय?

जुनी_चावी

एच २४ ची सगळी वचनं धरलीस ना?

शेवंती_नगर

हो.

अय्यो. निर्गम ९:३१ आणि लेवीय २:१४. हुरडा!

हरभरा

ती दोन काढू नका ताई यादीतून.

शेवंती_नगर

नाही काढत. वेगळ्या रंगाने लिहिलीत.